विश्लेषण : तालमीच्या पत्र्यावर सौर पॅनल... वर्गणी जमते, मग अडते कुठे?

इंदापूर-बारामती रस्त्यावरचे निमगाव केतकी हे पानमळ्यांचे आणि पालखी मुक्कामाचे गाव. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी येते, तेव्हा हजारो वारकऱ्यांच्या चहापाण्यापासून जेवणापर्यंतची व्यवस्था गावकरी वर्गणीतून उभी करतात. पैसे गोळा कसे करावेत हे अशा गावांना शिकवावे लागत नाही. पण हीच वर्गणी तालमीच्या किंवा क्रीडा मंडळाच्या छतावर सौर पॅनल बसवण्यासाठी काढायची म्हटली की प्रश्न वेगळे होतात. सरकारी अनुदान मिळते का? किती किलोवॉट लागतात? वीज गेल्यावर मैदानावरचे दिवे चालू राहतात का? यातल्या काही उत्तरांनी निराशा होईल, पण पावती पुस्तक छापण्याआधी ती माहीत असलेली बरी.

‘पीएम सूर्यघर’चे अनुदान मंडळाला मिळते का?

नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ घरगुती ग्राहकांसाठी आहे. १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून अधिक क्षमतेला कमाल ७८ हजार रुपये असे तिचे अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये मिळतात. तालीम, क्रीडा मंडळ, व्यायामशाळा यांची वीजजोडणी घरगुती वर्गात येत नाही, त्यामुळे त्या यातून बाहेर राहतात. ‘तुमच्याही तालमीला अनुदान आणून देतो’ असे सांगणारा विक्रेता भेटला, तर जोडणी कोणत्या वर्गात आहे हे वीजबिलावर त्याला दाखवायला सांगावे.

मंडळासाठी एक दिलासा मात्र आहे. सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुने दरपत्रक हातात असेल तर ते नव्याने मागवावे.

किती किलोवॉट लागतात?

इथेच सर्वाधिक पैसे वाया जातात. शेजारच्या गावाने १० किलोवॉटचा प्रकल्प बसवला म्हणून आपणही तेवढाच बसवायचा, ही आपली जुनी खोड.

एक उदाहरण घेऊ. कबड्डी-व्हॉलीबॉलच्या मैदानावर ४०० वॉटचे आठ जुने मेटल हॅलाइड दिवे रोज संध्याकाळी तीन तास लागतात, असे धरू. रोजचे ९.६ युनिट झाले. मैदानावर पाणी मारायला तीन एचपीची मोटर तासभर चालली तर साधारण २.२ युनिट. तालमीतले पंखे, बल्ब वगैरे मिळून दोन युनिट. एकूण जवळपास १४ युनिट. महाराष्ट्रात १ किलोवॉटचे पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते. म्हणजे साडेतीन किलोवॉट हवेत.

आता तेच आठ दिवे काढून १५० वॉटचे एलईडी लावले तर दिव्यांचा वापर ३.६ युनिटवर येतो, एकूण गरज आठच्या आत. तिथे २ किलोवॉट पुरतात. केंद्राने अनुदान ठरवताना २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ५० हजार रुपये खर्च प्रमाण मानला आहे. त्या हिशेबाने दिवे बदलल्यामुळे वर्गणीचे उद्दिष्ट पाऊण लाखाने कमी झाले. आठ एलईडी दिवे त्याहून स्वस्तात येतात. त्यामुळे पहिली वर्गणी दिव्यांसाठी आणि दुसरी पॅनलसाठी, हा क्रम आम्हाला शहाणपणाचा वाटतो. युनिटमागे दहा रुपये वाचतात असे धरले, तर २ किलोवॉटचा खर्च साधारण चार वर्षांत भरून निघतो.

जागेचे म्हणाल तर किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट सावली नसलेले छत लागते. तालमीचा पत्रा जुना असेल तर आधी सांगाडा तपासून घ्यावा. वळवाच्या वाऱ्यात पॅनलसकट पत्रा उडाला तर वर्गणीही गेली आणि छतही.

दिवसा ऊन, खेळ संध्याकाळी. मग जुळते कसे?

‘नेट मीटरिंग’मुळे. दिवसा तयार झालेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते, संध्याकाळी तेवढीच परत वापरता येते आणि बिल फरकाचे येते. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण आर्थिक वर्ष संपताना शिल्लक राहिलेल्या विजेला मिळणारा दर आपण भरतो त्याहून बराच कमी असतो. गरजेपेक्षा मोठा प्रकल्प परवडत नाही तो यामुळेच. दिवसाच्या कोणत्या वेळेतली वीज कोणत्या वेळेच्या वापरातून वजा होते, याचे नियम ग्राहकवर्गानुसार बदलतात. मंडळाचा सारा वापर सूर्यास्तानंतरचा असल्याने हा मुद्दा महावितरणच्या उपविभागीय कार्यालयातून लेखी घ्यावा.

आणखी एक गैरसमज मोडायला हवा. साधा, जाळ्याला जोडलेला सौर प्रकल्प भारनियमनात बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. अंतिम सामना सुरू असताना वीज गेली, तर पॅनल असूनही अंधारच. दिवे चालू हवे असतील तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. खर्च बराच वाढतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. वर्गणी देणाऱ्याला हे आधी सांगितले नाही, तर पहिल्याच सामन्याच्या रात्री विश्वस्तांना मैदानावर उभे राहणे मुश्कील होईल.

पैसे कुठून आणायचे?

खेळासाठी गावाने पदरमोड करणे आपल्याकडे नवे नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला खाशाबा जाधव गेले ते गोळेश्वर-कराड परिसरातल्या लोकांच्या वर्गणीवर आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून दिलेल्या सात हजार रुपयांवर. त्यातून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक आले.

मोठ्या क्लबांचे गणित निराळे असते. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमने २०१५ मध्ये ४०० किलोवॉटचा प्रकल्प उभारला. मुंबईत ब्रेबॉर्नवर सुमारे ८२० किलोवॉटचा आहे. त्यांच्याकडे सभासद, सामने, जाहिराती असतात. गावच्या मंडळाला जवळचे उदाहरण जर्मनीतल्या फ्रायबर्गचे. तिथल्या फुटबॉल क्लबच्या स्टेडियमवर १९९० च्या दशकात पॅनल बसले, त्यात नागरिकांनी आणि चाहत्यांनी भाग घेऊन पैसे घातले होते.

आपल्याकडे याचे सोपे रूप म्हणजे ‘एक पॅनल, एक देणगीदार’. साधारण ५४० वॉटचे एक पॅनल, जोडणीसह सगळा खर्च वाटला तर २७ हजारांच्या आसपास जाते. २ किलोवॉटला अशी चार पॅनल. एक माजी पैलवानांनी मिळून, एक पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या मुलांनी, एक यात्रेतल्या कुस्त्यांच्या शिलकीतून, एक क्रिकेट स्पर्धेच्या प्रवेश फीमधून. एवढ्यासाठी दारोदार फिरावेही लागत नाही.

कंपन्यांच्या सीएसआरमध्ये ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण आणि पर्यावरण हे दोन्ही विषय येतात. पण त्यासाठी संस्थेला १२ अ आणि ८० जी नोंदणी, सीएसआर-१ क्रमांक आणि सहसा तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. इंदापूर तालुक्यात अनेकांची पहिली नजर साखर कारखान्याकडे जाते. सहकारी कारखाना हा कंपनी कायद्याखाली येत नाही, त्यामुळे त्याच्यावर सीएसआरचे बंधन नाही. त्याने मदत केली तर ती संचालक मंडळाच्या मर्जीची. बारामती एमआयडीसीतल्या पात्र कंपन्यांकडे अर्ज करणे अधिक रास्त. आमदार-खासदार निधी आणि जिल्हा नियोजनचा मार्गही आहे, मात्र तो जिल्हाधिकारी कार्यालयातून जातो आणि वेळ घेतो.

कागदात काय अडते?

बहुतेक वेळा तीन गोष्टी. तालमीची जागा गावठाणातली किंवा ग्रामपंचायतीची असते, छत कुणी आमदार निधीतून बांधलेले असते, आणि मीटर मात्र जुन्या अध्यक्षांच्या नावावर, तेही कदाचित हयात नसलेल्या. नेट मीटरचा अर्ज मीटर ज्याच्या नावावर त्याचाच धरला जातो. त्यामुळे वर्गणीआधी मीटर मंडळाच्या नावावर करणे, थकबाकी शून्यावर आणणे, मंजूर भार पुरेसा आहे का ते पाहणे आणि ग्रामपंचायतीचा ना-हरकत ठराव घेणे ही कामे उरकावीत. अर्ज त्यानंतर फारसा अडत नाही : २०२४ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या प्रकल्पाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची गरज उरलेली नाही.

मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळे घेतात तीच. देणगीदाराला ८० जी ची करसवलत हवी असेल तर दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोखीने घेऊ नये.

बसवल्यानंतर कोण बघणार?

पॅनलची हमी २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी, म्हणून तो मधल्या काळात एकदा तरी बदलावा लागतो. वाचलेल्या बिलातली काही रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकली तर तेव्हा पुन्हा पावती पुस्तक काढावे लागणार नाही. धुण्याचे काम रोज सकाळी जोर-बैठका काढणाऱ्या पोरांवर सोपवता येते. ऊसपट्ट्यात पाचट पेटले की काजळी थेट काचेवर बसते. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, ऊन चढायच्या आत, नुसत्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.