पासिंग झालं, पण गाडी पाहिली कोणी?

नव्या गाडीचा विषय निघाला की गगनबावडा तालुक्यात काय आणि कोल्हापूर शहरात काय, एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘आरटीओ पासिंग झालंय, आता त्यात काय बघायचं?’ बोनेटवर हार चढलेला असतो, पेढे वाटून झालेले असतात आणि नंबर प्लेट लागली म्हणजे सरकारने गाडीवर हात फिरवून ‘पूर्ण आहे’ असा शिक्का मारला, अशी सगळ्यांची खात्री असते. मग पहिल्या पावसात पायाखालचा गालिचा ओला होतो, किंवा घाटात टायर बसल्यावर डिकी उघडली की जॅक असतो आणि त्याचा दांडा नसतो. तेव्हाही दोष नशिबाला दिला जातो, त्या वाक्याला नाही. हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने बोललं जातं की ते तपासून पाहायलाच हवं. तपासलं तर कळतं की शोरूममधून घेतलेली नवी मोटार आज कोणताही आरटीओ निरीक्षक पाहत नाही.

हा कुणा अधिकाऱ्याचा आळस नव्हे, कायदाच तसा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४४ नुसार पूर्वी पहिल्या नोंदणीसाठी गाडी नोंदणी अधिकाऱ्यासमोर उभी करावी लागे. २०१९ च्या दुरुस्तीने हे कलम बदललं. अधिकृत डीलरने विकलेली गाडी पहिल्या नोंदणीसाठी समोर आणण्याची गरज उरली नाही. डीलर कागद संगणकावर चढवतो, कर भरला जातो, क्रमांक मिळतो. पण पूर्वी निरीक्षक गाडी पाहत असे तेव्हा तरी काय पाहत असे? अर्जातला तपशील खरा आहे का आणि गाडी कायद्याच्या अटींत बसते का, एवढंच. तुमच्या व्हेरियंटला मागचा वायपर आहे की नाही, चार स्पीकरचे पैसे घेऊन दोनच बसवलेत का, हे पाहणं त्याचं काम कधीच नव्हतं. कागदांत कंपनीचा ‘फॉर्म २२’ असतो, त्याचाही असाच गैरअर्थ होतो. तो गाडी ठरलेल्या मानकांत बसते असं सांगणारा उत्पादकाचा दाखला आहे. त्यामागची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत त्या मॉडेलच्या नमुन्यावर झालेली असते. नमुना उत्तीर्ण झाला म्हणून तुमच्या दारातल्या गाडीच्या तळाचं रबरी बूच जागेवर आहे, असं त्यातून सिद्ध होत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा : आजकाल कारखान्यात यंत्रमानव गाड्या जोडतात, तिथून अपुरी गाडी बाहेर पडेलच कशी? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर जगजाहीर आहे. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने टेस्लाच्या ‘मॉडेल वाय’ गाड्यांची चौकशी सुरू केली. चालत्या गाडीचं स्टिअरिंग दांड्यावरून सुटून हातात आल्याच्या दोन तक्रारी होत्या. स्टिअरिंग धरून ठेवणारा बोल्टच या दोन्ही गाड्यांत ग्राहकाला देताना नव्हता. तोवर चाक नुसत्या घर्षणावर टिकलं होतं. दोन्ही गाड्यांची कारखान्यातच शेवटच्या टप्प्यावर दुरुस्ती झाली होती आणि त्यासाठी स्टिअरिंग काढून पुन्हा बसवलं होतं. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानाच्या अंगाचा दरवाजाएवढा तुकडा हवेत उडाला, तिथेही कथा तीच. तो तुकडा धरणारे चार बोल्ट कारखान्यात रिव्हेटच्या दुरुस्तीसाठी काढले गेले आणि पुन्हा लागलेच नाहीत, असं अमेरिकी तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालातून दिसलं. ताब्यात मिळून जेमतेम दोन महिने झालेलं विमान तोपर्यंत प्रवासी वाहत होतं. या दोन्ही घटनांत यंत्रमानवाची चूक नव्हती. एकदा बसवलेली वस्तू काही कारणाने काढली गेली, ती परत लावायची राहिली, आणि पुढच्या प्रत्येकाने ती असणारच असं धरून चाललं.

आता हेच सूत्र कोल्हापूरच्या शोरूमला लावून पाहा. कारखान्याच्या फाटकापासून तुमच्या हातात येईपर्यंत गाडी किती वेळा उघडली जाते? कंटेनरवरून उतरते, यार्डात उभी राहते. काही सामान सुटंच आलेलं असतं. अनेक मॉडेलमध्ये अँटेनाची काडी, चाकांच्या टोप्या, टो-हुक, जॅक, पाना, त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी आणि दुसरी किल्ली अशी मंडळी डिकीत किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये पिशवीत असतात आणि ती जागच्या जागी लावायची जबाबदारी डीलरची असते. त्यानंतर अॅक्सेसरीज बसवायच्या म्हणून स्पीकरसाठी दरवाजाची आतली पॅनेलं निघतात, कॅमेऱ्याच्या वायरसाठी मागचं अस्तर निघतं, मडफ्लॅपसाठी चाकावरच्या लायनरचे क्लिप निघतात. प्रत्येक वेळी काहीतरी काढून परत लावायचं असतं. वितरणापूर्वीची तपासणी, म्हणजे पीडीआय, यासाठीच असते. पण महिनाअखेरीला किंवा पाडवा-दसऱ्याला, एका दिवसात रांगेने गाड्या द्यायच्या असतात तेव्हा, ती यादी गाडीभोवती फिरून भरली जाते की टेबलावर बसून, हे ग्राहकाला दिसत नाही. त्यासाठी कुणाला लबाड म्हणण्याची गरज नाही. घाई पुरेशी आहे.

दुसरा आक्षेप अधिक फसवा आहे : काही कमी असतं तर चालवताना कळलं असतं, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागला असता. दिवा लागतो तो ज्या भागावर सेन्सरची नजर आहे त्याच्यासाठी. जॅकला सेन्सर नाही, मडफ्लॅपला नाही, तळाच्या रबरी बुचाला नाही. आणि दिव्याचंही नीट समजून घ्या. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅग आणि एबीएसचे दिवे काही सेकंद लागून विझायला हवेत. दिवा विझत नसेल तर बिघाड आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो मुळात लागतच नसेल तर तेही तितकंच संशयास्पद आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. राहिली टेस्ट ड्राइव्ह. ती शोरूमच्या डेमो गाडीतून झालेली असते, तुमच्या गाडीतून नव्हे. शिवाय कोल्हापूरच्या कोरड्या, सपाट रस्त्यावर जो भाग नसल्याचं जाणवत नाही, तो गगनबावड्यात लगेच जाणवतो. इथे वर्षाला साधारण पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पावसाळ्यात करूळ आणि भुईबावडा घाट धुक्यात बुडालेले असतात. लायनर नसेल तर चाकाने उडवलेला चिखल थेट वायरिंगच्या जोडांवर जातो. बूच नसेल तर साचलेल्या पाण्यातून जाताना पाणी खालून आत येतं. मागची काच पुसणारा वायपर किंवा काचेवरची वाफ घालवणारा डिफॉगर कागदावर असून गाडीत नसेल, तर घाटात मागचं काही दिसत नाही. कोल्हापूर इथून सुमारे ५५ किलोमीटर आहे. राहिलेल्या एका क्लिपसाठी शोरूमला जायचं म्हणजे कामाचा दिवस गेला. म्हणून आळस असणाऱ्यानेसुद्धा आधीच तपासावं.

‘आधी’ म्हणजे कधी, हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण इथेच पासिंगवरचा विश्वास महाग पडतो. त्याच २०१९ च्या दुरुस्तीनुसार डीलरने नोंदवलेली नवी गाडी नोंदणी क्रमांक लावल्याशिवाय ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. म्हणजे हार घातलेली गाडी तुम्ही पहिल्यांदा पाहता तेव्हा बिल, विमा आणि नोंदणी तुमच्या नावावर होऊन गेलेली असते. मग ‘ही नको, दुसरी द्या’ म्हणण्यात कायद्याने अडचण नसली तरी व्यवहारात फार उशीर झालेला असतो, कारण ती गाडी आता दुसऱ्या कुणाला नवी म्हणून विकता येत नाही. म्हणून तपासणीची खरी वेळ चासी क्रमांक तुमच्या नावे ठरल्यानंतर आणि बिल होण्यापूर्वीची. त्या वेळी यार्डात, दिवसाउजेडी, गाडी पाहायला मागा. ‘पासिंग झाल्यावरच दाखवतो’ असं उत्तर आलं तर पैशांचा पुढचा हप्ता थांबवा. सोबत तीन कागद हवेत : तुमच्या व्हेरियंटचं त्या दिवसाचं माहितीपत्रक, बुकिंगचा फॉर्म आणि अॅक्सेसरीजची वेगळी यादी. मंगल कार्यालयाची भांडी ताब्यात घेताना आपण वाटी-वाटी मोजून घेतो, तशी एकेक ओळ वाचून त्यापुढे खूण करायची. नुसतं गाडीभोवती फिरून जे आहे तेच डोळ्यांना दिसतं, नसलेली वस्तू फक्त यादीतूनच सापडते. स्पीकर तपासायचे तर आवाज डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे एकेका कोपऱ्यात नेऊन ऐका. मागच्या सीटचे सगळे बेल्ट ओढून बकलमध्ये अडकवून पाहा, कारण बकल सीटखाली दडपलेली असतात. डिकीचा गालिचा उचला, चारही चाकांच्या वरचं लायनर हाताने दाबून पाहा, ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट हुकात अडकते का पाहा. गाडी घरी न्यायच्या दिवशी हीच यादी पुन्हा वाचा, आधी चासी क्रमांक तोच आहे ना हे पाहून. कारण अॅक्सेसरीज मधल्या काळात बसवलेल्या असतात.

तिसरा आक्षेप भाबडा आहे : एवढी मोठी कंपनी आहे, राहिलं तर ती बघून घेईल. असं म्हणणाऱ्यांनी शेजारच्या गोव्यातल्या एका ग्राहकाचा खटला वाचावा. त्याने २०११ ची नवी टाटा इंडिगो म्हणून पैसे भरले आणि डीलरने दिली २००९ ची, ६२२ किलोमीटर धावलेली, तळाला गंज असलेली गाडी. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तिन्ही पातळ्यांवर ग्राहकाच्या बाजूने निकाल लागला. पण १८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्पादक टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं. डीलर हा कंपनीचा एजंट नसून स्वतंत्र व्यापारी होता आणि डीलरने काय केलं ते कंपनीला माहीत होतं हे सिद्ध झालं नव्हतं. तेव्हा तक्रारीचा पहिला पत्ता डीलरचाच ठेवा आणि ती लेखी द्या. कायदा त्याच्याही मागे लागतोच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘दोष’ या व्याख्येत गुणवत्तेबरोबर परिमाणातली कमतरताही येते आणि विक्रेत्याने जो दावा केला त्याच्या तुलनेत ती मोजली जाते. म्हणून माहितीपत्रक जपायचं. जोडणी किंवा तपासणीत वाजवी काळजी न घेतल्याने कुणाला इजा झाली तर कलम ८६ नुसार विक्रेता स्वतः जबाबदार ठरू शकतो.

उरलेले गैरसमज एकेका ओळीत उरकतात. ‘डिलिव्हरी नोटवर सही केली, हक्क संपला’ : वस्तु विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४१ नुसार तपासण्याची वाजवी संधी मिळाल्याशिवाय माल स्वीकारला असं धरत नाहीत, तरीही सहीच्या वर ‘अमुक वस्तू मिळाली नाही’ असं हाताने लिहा आणि फोटो काढा. ‘राहिलेला भाग वॉरंटीत मिळेल’ : वॉरंटी बिघडलेल्या भागासाठी असते, न दिलेल्या वस्तूसाठी बुकिंग फॉर्म आणि बिल दाखवावं लागतं. ‘स्टेपनी नाही म्हणजे कुणीतरी काढली’ : टायरमधला हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर मोटारीला स्टेपनी नसली तरी चालते, ही सवलत २०२० पासून आहे. ‘मीटरवर काही किलोमीटर दिसले म्हणजे वापरलेली गाडी’ : चाचणी आणि यार्डातल्या हालचालीचे थोडे किलोमीटर असतातच, शेकड्यांत असतील तर मात्र कारण लेखी मागा. ‘अॅक्सेसरी पॅकेज घेतल्याशिवाय गाडी मिळत नाही’ : एका वस्तूसाठी दुसरी गळ्यात मारणं याच ग्राहक कायद्यात प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा म्हणून नोंदलेलं आहे. ‘दुचाकीबरोबरचं हेल्मेट ही शोरूमची मेहेरबानी’ : केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३८ ते उत्पादकाने द्यावं असं सांगतो, त्यामुळे मिळालं नसेल तर मागून घ्या. ‘ग्राहक आयोगात जायला वकील आणि पैसे लागतात’ : पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. त्याही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. हे सगळं करूनही कुणी ‘पासिंग झालंय ना’ म्हणालंच, तर पासिंगच्या दिवशी गाडी कुठे उभी होती, एवढंच त्याला विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘शोरूमच्या यार्डात’ हेच असेल.