रेषेचे न ऐकणारी छटा

शाईतल्या स्थिरचित्राचा भाव काळा किती वापरला यावर ठरतो, असे सर्रास मानले जाते. गडद छटा म्हणजे उदासी, विरळ रेघा म्हणजे प्रसन्नता. मला हे अपुरे वाटते. छटा रेषेचे कितपत ऐकते, यावर भाव ठरतो. याचा पुरावा मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाग या गावच्या ठसेछपाईत उघड दिसतो. हिरड्यात भिजवलेल्या सुती कापडावर लोहाची खळ लागली की काळा उमटतो (लोहाची जुनी शाईही याच रसायनाने काळी होते), आणि तुरटीच्या ठशाला पुढे अलिझरीनच्या उकळीत लाल चढतो. रेखेचा ठसा वेगळा, भरणीचा वेगळा, आणि दोन्ही बसवायचे नुसत्या नजरेने. त्यामुळे भरणी कुठे काठाच्या केसभर आत थांबते, कुठे बाहेर डोकावते, आणि फूल हलते राहते. स्क्रीनने छापलेल्या नकलेत नक्षी तीच असते, रंगही जवळपास तेच. पण भरणी काठोकाठ बसते आणि फूल निपचित पडते.

कापडावरची बुट्टी म्हणजे स्थिरचित्र नव्हे, तिथे प्रकाश नाही, सावली नाही, हा आक्षेप खरा आहे. पण प्रकाश नसल्यामुळेच रेष आणि छटा यांचे नाते तिथे सुटे पाहता येते. आता ते कागदावर आणावे. धार-देवासच्या पवार संस्थानांत मोडी ज्या बोरूने लिहिली जाई, त्याची तिरकी कापलेली जीभ दिशा बदलली की जाड-बारीक होते. अशा बोरूने तांब्याच्या पोटाचा वळसा काढला की एका बाजूचा भार रेषेतच येतो. मग पातळ शाईचा हात काठापर्यंत नेटका भरला, तर तांब्या जड आणि बंद होतो. तोच हात सावलीच्या बाजूने रेष ओलांडून जमिनीत मिसळू दिला, तर भोवती हवा खेळते. छटा दोन्हीकडून रेषेबाहेर सरकली, तर तेच भांडे अस्वस्थ वाटू लागते. शाई तिन्ही वेळा तेवढीच.

तेराव्या शतकातला चिनी चित्रकार मुची याच्या सहा पर्सिमॉन फळांचे काय, असे कोणी विचारील. तिथली बहुतेक फळे तर निव्वळ छटेची आहेत. पण देठ पाहा: कोरडे, कडक, रेषेतले. मऊ फळावर तो देठ रुततो, म्हणून ती शांतता गुळगुळीत होत नाही. इटालियन चित्रकार मोरांदीच्या कोरीव छापचित्रांत उलट घडते. तिथे छटाच आडव्यातिडव्या रेघांची विणलेली असते, दोघींत भांडणच उरत नाही, आणि बाटल्या कितीही काळ्या असल्या तरी उदास वाटत नाहीत. गडदपणा म्हणजे उदासी हे समीकरण इथेच कोसळते.

वस्तुचित्राच्या वर्गात मात्र अजून छटा काठाबाहेर गेली की गुण कापतात. चित्रकला शिक्षकांनी निदान शाईच्या कामापुरता हा नियम सोडावा.