दुखतो गुडघा, दोष खुब्यात

गेल्या पावसाळ्यात एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. वय ४६. उजवा गुडघा दुखतो ही तक्रार जुनीच. दोन वर्षे मीच त्यांना गोळ्या नि मलम देत होतो. गुडघ्याच्या एक्स-रेत काही सापडले नव्हते. त्या दिवशी मात्र त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हल्ली मांडी घालून बसता येत नाही. जांघेत कळ येते."

त्यांना टेबलावर झोपवले आणि पाय खुब्यातून फिरवून पाहिला. तो आतल्या बाजूला वळेचना. खुब्याचा एक्स-रे काढला तेव्हा माझी चूक समोर आली. खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. हे शिकलो होतो, तरी तपासायचे राहून गेले होते.

खुबा हा उखळी सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातील खोबणीत फिरतो. दोन्हींवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. चालताना या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. खोबण पुरेशी खोल असेल तर हा भार सर्वत्र वाटला जातो. बाईंची खोबण लहानपणापासून उथळ. त्यामुळे सारा भार काठावर पडून तिथली कूर्चा लवकर झिजली. आसावर नीट न बसलेले चाक एकाच बाजूने झिजते, तसेच हे.

काहींची खोबण ठीक असते, पण गोळ्याच्या मानेशी हाडाचा उंचवटा असतो. मांडी वाकवली की तो काठावर आदळतो. वाढत्या वयात भरपूर मैदानी खेळ खेळलेल्या पुरुषांत हा प्रकार अधिक दिसतो. स्विस शल्यविशारद राइनहोल्ट गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या आघाताचा सांध्याच्या झिजेशी असलेला संबंध सविस्तर मांडला. अर्थात अशी ठेवण असलेल्या प्रत्येकाला संधिवात होतोच असे नाही. वय, वजन, जुनी दुखापत यांचाही त्यात वाटा असतो.

मी बाईंना जन्माविषयी विचारले. त्या हसल्या. "मी पायाळू. विहिरीचे पाणी दाखवायला मला बोलवायचे!" पायाळू जन्म, मुलगी, पहिले अपत्य, घरात कुणाला हाच त्रास, यांपैकी काही असेल तर उथळ खुब्याची शक्यता वाढते. हे सांगताच त्यांचे हसू मावळले. त्यांची दोन महिन्यांची नातही पायाळू होती.

नातीची सोनोग्राफी केली. डावी खोबण उथळ निघाली. आता तिला पाय फाकवून ठेवणारे पट्टे लावले आहेत. या वयात खोबण मऊ असते, गोळ्याच्या आकाराप्रमाणे घडत जाते. वेळेवर पट्टे लावलेली बहुतेक बाळे शस्त्रक्रियेविना बरी होतात.

म्हणून वाचकांना विनंती, बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ओढून आवळून बांधू नका. मांड्या हलायला जागा ठेवा. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास असे बांधणे थांबवण्याची मोहीम झाली आणि खुबा निखळलेल्या बाळांचे प्रमाण खूप घटले. मान धरल्यावर बाळाला कडेवर घ्यावे. त्याने मांड्या फाकतात, गोळा खोबणीत नीट बसतो. पायाळू बाळाचे, विशेषतः मुलीचे, खुबे दीड-दोन महिन्यांत तपासून घ्या. एक पाय आखूड वाटला किंवा मांडी कमी फाकली, तर थांबू नका.

मोठ्यांनीही जांघेत वारंवार कळ येत असेल, मांडी घालणे अवघड होत असेल, तर खुबा तपासून घ्यावा. झीज होण्याआधी निदान झाले तर खोबणीची दिशा बदलणारी शस्त्रक्रिया करता येते. बाईंच्या बाबतीत ती वेळ टळून गेली. आता वजन आटोक्यात ठेवणे नि स्नायूंचे व्यायाम चालू आहेत, पुढेमागे सांधाही बदलावा लागेल. नातीवर मात्र ती पाळी येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा आहे.