स्क्रिप्ट म्हणते ‘झालं!’ पण खरंच झालं का?

मी कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण माझी फजिती मराठीतच सांगायची होती.

आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट लॅबच्या सर्व्हरवर होता. रोज रात्री २ वाजता तो होस्टेलच्या कॉम्प्युटरवर कॉपी व्हावा म्हणून मी ‘एक्स्पेक्ट’ची स्क्रिप्ट लिहिली. अमेरिकेतल्या एनआयएसटीमध्ये डॉन लिब्स यांनी बनवलेलं हे साधन आपल्या वतीने टर्मिनलशी बोलतं. समोरून अमुक शब्द आला की तमुक टाइप कर, एवढंच त्याला शिकवायचं.

कल्पना त्याहून जुनी आहे. १९८६ साली एर्नेट प्रकल्प सुरू झाला. त्या सुरुवातीच्या काळात आपल्या जुहूचं एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी डायल-अपवरून ईमेल पाठवायचे. तेव्हाच्या यूयूसीपीतही अशाच जोड्या लिहायच्या : हे दिसलं की ते पाठव. गंमत म्हणजे त्यात ‘लॉगिन’मधलं पहिलं अक्षर ‘एल’ मुद्दाम गाळायचे. ते कॅपिटल येईल की स्मॉल याचा नेम नाही, आणि लाइनच्या खरखरीत पहिलं अक्षर हरवायचंही!

आता माझी चूक बघा. सर्व्हरचा पत्ता बदलला. एसएसएचने विचारलं, “हे मशीन ओळखीचं नाही, पुढे जाऊ? येस की नो?” माझी स्क्रिप्ट मात्र ‘पासवर्ड’ शब्दाची वाट बघत बसली. १० सेकंदांचा डीफॉल्ट टाइमआउट संपला. तेव्हा काय करायचं ते मी लिहिलंच नव्हतं, म्हणून ती गुपचूप पुढच्या ओळीवर गेली आणि येस-नोच्या उत्तरात पासवर्ड टाइप केला. या प्रश्नाचं उत्तर स्क्रीनवर दिसतं, त्यामुळे पासवर्ड लॉग फाइलमध्ये उघडा पडला. आणि शेवटी छापलं काय? “बॅकअप झाला”. तीन रात्री हेच. चौथ्या दिवशी पार्टनरच्या हातून फोल्डर उडाला. तीन दिवसांचा कोड सबमिशनच्या आदल्या रात्री जागून पुन्हा लिहिला. पासवर्ड बदलला तो वेगळाच.

तुमचं असं होऊ नये म्हणून :

१. अडलं की एक्स्पेक्ट ‘मायनस डी’ देऊन चालवा. काय आलं आणि कशाशी जुळलं नाही, सगळं दिसतं.

२. प्रत्येक ठिकाणी ‘टाइमआउट’ आणि ‘ईओएफ’ झाल्यास एरर देऊन थांबायला सांगा.

३. एंटरसाठी बॅकस्लॅश आर पाठवा, बॅकस्लॅश एन नाही.

४. एसएसएचच्या नव्या आवृत्त्यांत येस-नोच्या प्रश्नात चौकोनी कंस असतो. डबल कोट्समध्ये टीसीएल त्याला कमांड समजतं. महिरपी कंस वापरा आणि आतल्या चौकोनी कंसाआधी बॅकस्लॅश द्या.

५. ‘झालं’ छापण्याआधी फाइल खरंच आली का, तिची तारीख आणि साइझ तपासा.

आणि जिथे एसएसएच की चालते तिथे पासवर्डची स्क्रिप्ट लिहूच नका. मी आता कीच वापरते. तरीही सकाळी चहाआधी फाइलची तारीख बघतेच!