शस्त्रक्रियेनंतरचें दुखणें आणि केटामीन

शस्त्रक्रिया निर्विघ्नपणें पार पडली असें डॉक्टरांनीं सांगितलें, म्हणजे बाहेर ताटकळत बसलेल्या आप्तांच्या जिवांत जीव येतो. रोग्याची खरी परीक्षा मात्र पुष्कळदां त्यानंतरच सुरू होते. भूल उतरूं लागते, जखम बोलूं लागते, आणि पहिली रात्र कशीबशी काढावी लागते. "कापाकापी झाली म्हणजे दुखायचेंच" अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. दुखणें मुकाट्यानें सोसणें हा एक सद्गुण मानला जातो, आणि विशेषतः घरांतील वडील मंडळी नर्सला हांक मारण्यासही संकोचतात.

परंतु वेदना सोसण्यांत रोग्याचें हित नसतें. पोटावर किंवा छातीवर टांके असलेला माणूस दुखेल या भीतीनें खोकत नाहीं, दीर्घ श्वास घेत नाहीं. त्यामुळें कफ सांचतो व फुफ्फुसांस दाह होण्याचा धोका वाढतो. तो अंथरुणांतून उठत नाहीं, आणि मग पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचें भय उत्पन्न होतें. कांहीं रोग्यांच्या बाबतींत तर जखम भरून आल्यावरही महिनेच्या महिने दुखणें मागें उरतें. वेदनेचें शमन हा म्हणूनच उपचाराचाच एक भाग होय.

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर या कामीं मुख्य भिस्त अफूपासून निघणाऱ्या मॉर्फिनवर व त्याच्या वर्गांतील औषधांवर असते. हीं औषधें प्रभावी खरीं, पण त्यांचें मोल द्यावें लागतें. मळमळ व वांति होते, कोठा जड होतो, गुंगी येते, आणि मात्रा अधिक झाल्यास श्वास धोकादायक रीतीनें मंदावतो. याहून चमत्कारिक गोष्ट अशी, कीं मोठ्या मात्रेनें हीं औषधें दिल्यास कांहीं वेळां मज्जासंस्था वेदनेच्या बाबतींत उलट अधिकच हळवी होते. म्हणजे ज्यानें दुखणें थांबावें त्यानेंच तें वाढावें, असा प्रकार होतो. या अडचणींतून वाट काढण्यासाठीं डॉक्टरांनीं ज्या एका जुन्या औषधाकडे नव्या दृष्टीनें पाहिलें, तें केटामीन.

केटामीन १९६२ मध्यें अमेरिकेंत कॅल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञानें पार्क-डेव्हिस कंपनीसाठीं तयार केलें. त्याच्या आधींचें फेन्सिक्लिडीन हें औषध भूल उत्तम देई, पण शुद्धीवर येतांना रोगी तासन्‌तास बरळत व भ्रमिष्टासारखे वागत, म्हणून तें टाकून द्यावें लागलें. त्याचाच हा सौम्य व अल्पकाळ टिकणारा भाऊबंद. १९६४ मध्यें एडवर्ड डॉमिनो व गुंटर कॉर्सन यांनीं मिशिगन येथील एका कारागृहांतील कैद्यांवर, त्यांच्या संमतीनें, त्याचा प्रथम प्रयोग केला. औषध दिलेला मनुष्य डोळे उघडे ठेवून असे, पण आपल्या देहापासून अलग झाल्यासारखा भासे. डॉमिनो यांच्या पत्नीनें सुचविलेल्या शब्दावरून या अवस्थेस 'वियोजक भूल' हें नांव पडलें. १९७० मध्यें अमेरिकन सरकारनें या औषधास मान्यता दिली, आणि व्हिएतनामच्या युद्धांत जखमी सैनिकांसाठीं त्याचा उपयोग झाला. श्वास व रक्तदाब यांस तें सहसा खालीं ओढीत नाहीं, त्यामुळें जेथें मोठी यंत्रसामुग्री नाहीं अशा ठिकाणीं तें विशेष सोयीचें ठरलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादींत तें १९८५ पासून आहे.

भूल देणारें हें औषध जागृत रोग्याच्या वेदनेवर कसें उपयोगी पडतें, याचा उलगडा पुढें झाला. जखमेपासून निघालेला वेदनेचा संदेश पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत येतो व तेथून मेंदूकडे जातो. मज्जारज्जु हा केवळ निरोप पोंचविणारा जासूद नव्हे. संदेशांचा मारा सतत होत राहिला, तर तेथील पेशी अधिकाधिक उत्तेजित होतात आणि लहानशा संदेशाचाही मोठा गवगवा करूं लागतात. १९८३ मध्यें क्लिफर्ड वुल्फ यांनीं ही गोष्ट प्रयोगानें दाखविली. जखमेच्या आसपासच्या निरोगी कातडीसही नुसता स्पर्श सहन होत नाहीं, तो यामुळेंच.

या उत्तेजनांत एन्‌एम्‌डीए नांवाच्या सूक्ष्म द्वारांचा मोठा हात असतो. एरव्हीं हें द्वार मॅग्नेशियमच्या कणानें बुजलेलें असतें. संदेशांचा जोर वाढला म्हणजे तो कण बाजूस सरतो, कॅल्शियम आंत शिरतें, व पेशी चेतविली जाते. केटामीन या उघड्या द्वारांत शिरून तें पुन्हां बंद करतें. हें कार्य डेव्हिड लॉज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८३ मध्यें, म्हणजे त्याच वर्षीं, दाखवून दिलें. मॉर्फिन वेदनेचा आवाज खालीं आणतें. केटामीन मुख्यतः तो आवाज फुगूं देत नाहीं. दोघांचे मार्ग निराळे, म्हणून तीं परस्परांस पूरक होतात.

या कामासाठीं लागणारी मात्रा फार लहान असते. पूर्ण भूल देण्यास शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागें सुमारें १ ते २ मिलिग्रॅम केटामीन शिरेंतून देतात. वेदनाशमनासाठीं एका वेळीं ०.३५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक देऊं नये, व सतत थेंबाथेंबानें द्यावयाचें झाल्यास तासाला १ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडूं नये, असें अमेरिकेंतील तीन वैद्यकीय संस्थांनीं २०१८ मध्यें सर्वसाधारण प्रसंगांसाठीं सुचविलें. म्हणजे साठ किलोच्या माणसास भूल देण्यास निदान ६० मिलिग्रॅम लागतील, तर वेदनेसाठीं एका वेळीं २१ पुष्कळ झाले.

याचा लाभ कितपत होतो? २०१८ मध्येंच कॉक्रेन या संस्थेनें प्रौढ रोग्यांवरील १३० प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. त्यांत ८,३४१ रोग्यांचा समावेश होता. ज्यांना केटामीन मिळालें त्यांना पहिल्या चोवीस तासांत मॉर्फिनवर्गीय औषध सरासरीनें ८ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारें एकपंचमांशानें, कमी लागलें. मळमळ व वांति यांचें प्रमाण शेंकडा २७ वरून २३ वर आलें. वेदनेंतही घट झाली, पण ती बेताचीच होती. या आंकड्यांत चमत्कार नाहीं. तथापि ज्या शस्त्रक्रियेनंतर तीव्र वेदना अपेक्षित आहेत, किंवा जो रोगी जुन्या दुखण्यासाठीं आधींपासूनच मॉर्फिनवर्गीय औषधें घेत असल्यानें नेहमींच्या मात्रेस दाद देत नाहीं, त्याच्यासाठीं हा आधार मोलाचा ठरतो.

औषधाची दुसरी बाजूही तितकीच ध्यानांत ठेवावयास हवी. अमेरिका, कॅनडा, दक्षिण कोरिया व भारत या चार देशांतील, साठ वर्षांवरील ६७२ रोग्यांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्यें प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेच्या वेळीं केटामीनची एकच मात्रा दिल्यानें या वयस्क मंडळींचा नंतरचा बुद्धिभ्रम टळला नाहीं व वेदनाही कमी झाल्या नाहींत. उलट मोठ्या मात्रेबरोबर भास होण्याचें व वाईट स्वप्नें पडण्याचें प्रमाण वाढलें. एकास जें उपकारक तें दुसऱ्यास व्यर्थ, किंवा त्रासदायकही, ठरूं शकतें. ज्यांचा रक्तदाब वा हृदयविकार आटोक्यांत नाहीं, ज्यांना मनोविकारामुळें भ्रम होतात, ज्यांचें यकृत फारच बिघडलें आहे, त्यांना, तसेंच गर्भवती स्त्रियांना, तें टाळण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. थेंबाथेंबानें औषध चालू असतां रोग्यावर जाणत्या माणसांची देखरेख लागते. शिवाय याच औषधाचा नशेसाठीं दुरुपयोग होतो, म्हणून भारतांत त्याच्या विक्रीवर कडक निर्बंध आहेत. घरच्या औषधांच्या पेटींत त्यास मुळींच स्थान नाहीं.

केटामीन हें मॉर्फिनची जागा घेणारें नव्हे. पॅरासिटॅमॉल, दाहशामक औषधें व शरीराचा ठराविक भाग बधिर करणारीं इंजेक्शनें यांच्या मेळाव्यांतील तें एक आहे. तें कोणास द्यावें हें भूलतज्ज्ञानें ठरवावयाचें. पण तो निर्णय नीट व्हावा यासाठीं लागणारी माहिती रोगी व त्याच्या घरचीं माणसेंच देऊं शकतात. आधीं कोणतीं औषधें चालू होतीं, मागच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं वांति किंवा भ्रम झाला होता काय, दारू वा अन्य व्यसन आहे काय, हें शस्त्रक्रियेपूर्वींच्या भेटींत मोकळेपणानें सांगावें. आणि शस्त्रक्रियेनंतर दुखत असेल, तर किती दुखतें तें विचारण्याची वाट न पाहतां सांगावें. जें दुखणें कोणास कळलेंच नाहीं, त्यावर जगांतील कोणतेंही औषध चालत नाहीं.