निळी दुपटी किती भरावीत?

पाळण्याची गादी, दुपटी, चादर, गोधडी हा धंदा दिसायला लहान, पण बारा महिने चालणारा. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील आपले कापड दुकानदार, गादी भरणारे पिंजारी बंधू आणि घरी शिलाई करणाऱ्या भगिनी यांचा त्याच्याशी रोजचा संबंध येतो. माल भरताना मात्र एक सोपा हिशेब केला जातो: अर्धा निळा मुलासाठी, अर्धा गुलाबी मुलीसाठी. भांडवल अडकते ते इथेच.

हे सामान दोन वेळा खपते. पहिली खरेदी बाळंतपणाआधी घरची मंडळी करतात. तेव्हा मुलगा की मुलगी हे ठाऊक नसते, आणि तपासून सांगणे गुन्हा आहे. केंद्राचा कायदा १९९४ चा. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच कायदा केला होता. दुसरी खरेदी जन्मानंतरची, छठी, अकीका किंवा बारशाच्या आहेराची. निळ्याला खरे गिऱ्हाईक या वेळी मिळते. तेव्हा निळा माल आहेराच्या संचापुरता ठेवावा.

मुलगा म्हणजे निळा, ही रीत फार जुनी समजू नये. अमेरिकेतील बालवस्त्रांच्या एका व्यापारी मासिकाने जून १९१८ मध्ये दुकानदारांना नेमके उलट सांगितले होते: गुलाबी ठसठशीत म्हणून मुलाला, निळा नाजूक म्हणून मुलीला! आपल्या घरांत तर पहिले दुपटे आजीच्या धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे असे. रंग असेल तो.

रोजच्या मालासाठी पांढरा, मोतिया, फिका हिरवा, फिका आकाशी हे रंग बरे. मुंगी, ढेकूण, ओल लगेच दिसते. पिवळा मात्र पहिल्या आठवड्यासाठी देऊ नये. नवजात बाळांना कावीळ पुष्कळदा होते आणि पिवळ्या दुपट्यावर कांतीचा पिवळेपणा चटकन लक्षात येत नाही.

गडद निळा घेताना अधिक सावध राहावे. बाळ दुपट्याचा कोपरा तोंडात घालते, कापड दिवसातून अनेकदा भिजते. ठोक खरेदीपूर्वी एक वार कापड आणून ओल्या पांढऱ्या फडक्याने जोराने घासावे. मग त्याला पांढरा तुकडा टाचून कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवावे. तुकड्यावर डाग आला तर तो माल बाळासाठी नाही, भाव कितीही पडलेला असो. रंग सुटला नाही म्हणून तो निर्दोष ठरतो असेही नाही. केंद्र सरकारने १९९७ मध्ये ७० अझो रंगांच्या वापरावर बंदी घातली. त्यामुळे मिलचे नाव असलेले बिल मागून घ्यावे. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात खादीवर वनस्पतिज रंगांचे काम होते, ते जाऊन पाहण्यासारखे आहे. पण नैसर्गिक निळीची गडद छटाही घासल्यावर हाताला लागते, तिलाही हीच परीक्षा लावावी.

पिंजारी बंधूंसाठी एक सूचना. गादी सरसकट पांढऱ्या कापडात, पातळ आणि घट्ट भरावी. फार मऊ गादीत तान्ह्या बाळाचे तोंड रुतण्याचा धोका असतो. रंग फक्त काढता येणाऱ्या खोळीला द्यावा. एका गादीमागे दोन-तीन रंगांच्या खोळी शिवून ठेवल्या, की मुलगा झाल्याची बातमी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे निळी खोळ चढवून देता येते.