नग २०० टाकले, मग एरर का आला?

मोशी-भोसरी-चाकण पट्ट्यातल्या वर्कशॉपना चलन-बिलाचं छोटं सॉफ्टवेअर बनवून विकायचं ज्यांनी मनावर घेतलंय, त्यांच्यासाठी आजचा विषय : जावाच्या विकेट फ्रेमवर्कमधला टाइप मिसमॅच. म्हणजे प्रोग्रामला हवा आकडा आणि हातात पडतात अक्षरं.

ब्राउझरमधून येतं ते सगळं अक्षरंच असतं. ‘नग’ या चौकटीत २०० टाकले तरी सर्व्हरकडे दोन, शून्य, शून्य अशी तीन अक्षरं जातात. त्यांचा आकडा विकेट करून देतो, पण इथे आकडा हवाय हे त्याला कळायला हवं ना! तुम्ही म्हणाल, टेक्स्टफील्डपुढे कोनी कंसात इंटिजर लिहिलंय की. गंमत तिथेच आहे. हे कोनी कंस, म्हणजे जेनेरिक्स, २००४ साली जावा ५ मध्ये आले. पण ते वाचतो फक्त कंपायलर. प्रोग्राम चालू होईपर्यंत ती माहिती पुसली जाते. मग रिकाम्या मॉडेलमध्ये अक्षरं मुकाट्याने जाऊन बसतात आणि एरर येतो भलतीकडेच, नग गुणिले दर करताना : ‘क्लासकास्ट एक्सेप्शन’. नवखा माणूस गुणाकाराची ओळ तासभर तपासतो, तोवर मालाचा टेम्पो गेटवर उभा.

उपाय एका ओळीचा. टेक्स्टफील्ड बनवतानाच मॉडेलनंतर इंटिजर-डॉट-क्लास द्या. किंवा प्रॉपर्टीमॉडेल वापरा, ते फील्डचा टाइप स्वतः बघून घेतं. मी हेच वापरतो. मग कुणी ‘दोनशे’ असं अक्षरात लिहिलं तर प्रोग्राम पडत नाही. फीडबॅकपॅनेल लावलं असेल तर तिथे चूक दिसते.

आता उलटा घोळ. आकड्यासारखं दिसतं ते सगळं आकडा नसतं. मोबाइल नंबर इंटिजरमध्ये मावतच नाही. त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आणि आपले नंबर ६ ते ९ ने सुरू होतात. हा एरर निदान दिसतो तरी. एचएसएन कोडचा दिसत नाही. नट-बोल्टचा ७३१८ नीट चालतो, म्हणून तेच सॉफ्टवेअर तुम्ही मोशीच्या उपबाजारातल्या गाळेवाल्याला दिलंत, तर कांद्याच्या ०७०३ चं ७०३ होतं आणि बिल तसंच छापून जातं! ज्याची बेरीज-गुणाकार करायचा नाही, ते स्ट्रिंगमध्येच ठेवा : पिनकोड, बँक खातं, एचएसएन. दर मात्र बिगडेसिमलमध्ये.

आधीच इंटिजरमध्ये साठवलेले कोड नुसता टाइप बदलून सुधारत नाहीत. एचएसएन ४, ६ किंवा ८ अंकी असतो. त्यामुळे ३, ५ आणि ७ अंकी कोड शोधून काढा आणि त्यांच्यापुढे शून्य लावा.